युद्धाचा वारसा केवळ रक्तातून येत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विसाव्या शतकातील युद्धांचा पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम झाला, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. या विषयावर मराठीत क्वचितच लिहिले जाते, म्हणून लेखकाचे आणि आपलेही आभार. मात्र लेखाचा सारा भर एकाच मुद्द्यावर होता. आजोबांनी भोगलेल्या युद्धाची खूण जनुकांवर उमटते, ती नातवापर्यंत उतरते आणि म्हणून तिसऱ्या पिढीतही अकारण भीती व अस्वस्थता आढळते, असे त्यात ठामपणे म्हटले होते. हे विधान हल्ली फार सहज केले जाते आणि त्याने दुहेरी नुकसान होते. जे अद्याप पुरते सिद्ध झालेले नाही ते सिद्ध धरले जाते. आणि जे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले, ज्याची दप्तरी नोंद आहे, ज्याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित करता येते, ते मागे पडते. माझ्या मते युद्ध एका पिढीकडून दुसरीकडे पोहोचले ते मुख्यतः पेन्शनच्या नियमांतून, जन्मदाखल्यातील रिकाम्या रकान्यातून, दगडावर न कोरलेल्या नावातून आणि घरात कोणी न काढलेल्या विषयातून. हे जरा विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

आधी शास्त्राला काय ठाऊक आहे ते पाहू. या क्षेत्रातील सर्वांत भक्कम पुरावा नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या हिवाळ्याचा आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या डच सरकारच्या हाकेवरून रेल्वे कामगारांनी संप पुकारला आणि त्याचा सूड म्हणून जर्मन सैन्याने देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारी अन्नधान्याची वाहतूक रोखली. त्यातच कडाक्याच्या थंडीने कालवे गोठले. ॲमस्टरडॅममध्ये माणशी रोजचा शिधा हजार कॅलरींच्या खाली गेला आणि पुढे तर त्याच्याही निम्म्यावर आला. सुमारे वीस हजार माणसे दगावली. या दुष्काळाची सुरुवात आणि शेवट नेमका ठाऊक आहे, शिध्याच्या आणि प्रसूतींच्या नोंदी टिकून राहिल्या आहेत. त्यामुळे त्या महिन्यांत कोणते मूल आईच्या पोटात कितव्या महिन्याचे होते, हे पुढे कित्येक वर्षांनी सांगता आले. ज्यांच्या आयांनी गर्भारपणाच्या सुरुवातीच्या काळात उपासमार सोसली होती, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकाराचे आणि स्किझोफ्रेनियाचे प्रमाण अधिक आढळले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शरीराच्या वाढीशी संबंधित असलेल्या एका जनुकावरील रासायनिक खुणा या व्यक्तींमध्ये त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी असल्याचे, तेही सहा दशकांनंतर, दिसून आले.

हा पुरावा मोलाचा आहे, पण तो नेमके काय सांगतो हे नीट पाहिले पाहिजे. ती मुले गर्भात असताना स्वतःच उपाशी होती. आईची आठवण त्यांच्यात उतरली असे नसून आईची उपासमार त्यांनी प्रत्यक्ष सोसली होती. मुलीच्या शरीरात बीजांडे ती गर्भात असतानाच तयार होतात, म्हणून नातवंडांपर्यंतही हा परिणाम थेट पोहोचलेला असू शकतो. त्यापलीकडचे निष्कर्ष अजून डळमळीत आहेत. लेनिनग्राडला १९४१ ते १९४४ असा ८७२ दिवस वेढा पडला होता आणि तेथील उपासमार डच शहरांपेक्षा कितीतरी भीषण होती. तरीही त्या काळात गर्भात असलेल्यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शरीराची साखर हाताळण्याची क्षमता बिघडल्याचे जे चित्र पुढे हॉलंडमध्ये दिसले, ते तेथे आढळले नाही. याचे एक कारण असे दिले जाते की हॉलंडमध्ये मे १९४५ नंतर लवकरच पोटभर अन्न मिळू लागले, तर लेनिनग्राडमध्ये टंचाई पुढेही चालू राहिली आणि उपाशी गर्भाला बाहेरही उपाशीच जग भेटले. म्हणजे गर्भातली खूणसुद्धा पुढे काय वाढून ठेवले आहे यावर अवलंबून असते.

नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांविषयी आपल्या लेखात बरेच लिहिले होते. ज्या अभ्यासाचा या संदर्भात वारंवार दाखला दिला जातो, त्यात ३२ वाचलेल्या व्यक्ती आणि त्यांची २२ प्रौढ अपत्ये एवढाच नमुना होता. एवढ्याशा आधारावर जगभरच्या वृत्तपत्रांनी मोठाले मथळे दिले. याउलट, उपचारासाठी कधीही न आलेल्या सर्वसामान्य कुटुंबांवरचे अनेक अभ्यास २००३ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा दुसऱ्या पिढीत मानसिक आघाताची तशी लक्षणे दिसली नाहीत. ही बातमी मात्र फारशी कोठे आली नाही. वाचलेल्या त्या माणसांनी आपल्या मुलांना किती जिद्दीने सांभाळले असेल, याचा तो पुरावा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. काहीच पुढे जात नाही, असेही मी म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमधून सुमारे सत्तर हजार मुले गळ्यात नाव-पत्त्याचे लेबल अडकवून स्वीडनमधील अनोळखी घरांत पाठवली गेली. २०१७ च्या अभ्यासात असे आढळले की, अशा तऱ्हेने पाठवलेल्या मुलींच्या पुढे झालेल्या मुलींना मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण त्यांच्या मावस-मामे बहिणींपेक्षा जास्त होते. मुलग्यांत तसे दिसले नाही. हे जनुकांमुळे झाले की लहानपणी आईपासून तुटलेल्या मुलीला स्वतः आई होणे जड गेल्यामुळे, याचा निर्णय तो अभ्यास करू शकला नाही आणि संशोधकांनी तसे प्रामाणिकपणे म्हटले आहे.

पण माझ्या म्हणण्याचा खरा आधार हिरोशिमा आणि नागासाकी येथे आहे. बॉम्बनंतरच्या टंचाईत गर्भवती स्त्रियांना जादा शिधा मिळत असे, त्यासाठी त्या नाव नोंदवत. त्याच नोंदींचा उपयोग करून १९४८ ते १९५४ या काळात सुमारे ७७ हजार नवजात बालके तपासण्यात आली. बॉम्ब पडला तेव्हा जी मुले प्रत्यक्ष गर्भात होती, त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूवर भयंकर परिणाम झाले होते, यात शंका नाही. परंतु बॉम्बनंतर गर्भधारणा होऊन जन्मलेल्या, म्हणजे खऱ्या अर्थाने दुसऱ्या पिढीच्या बालकांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही, आणि पुढच्या अनेक दशकांच्या पाहणीतही आनुवंशिक हानीचा ठोस पुरावा हाती आला नाही. असे असूनही त्या मुलांच्या सोयरिकी मोडल्या. लग्न ठरवण्याआधी मुलगी हिरोशिमाची तर नाही ना, याची गुपचूप चौकशी होत असे, म्हणून आईबाप आपण तेथे होतो हेच लपवत, काही जण वैद्यकीय सवलतीचे सरकारी ओळखपुस्तकही घेत नसत. किरणोत्सर्गाने रक्तात जे पोहोचवल्याचे सिद्ध झाले नाही, ते शेजाऱ्यांच्या भीतीने दुसऱ्या पिढीच्या दारात नेऊन ठेवले. रक्तातून जाणाऱ्या वारशावरचा अतिरिक्त विश्वास किती क्रूर ठरू शकतो, हे यापेक्षा स्पष्ट कोठे दिसेल? म्हणूनच ‘युद्ध जनुकांत उतरते’ असे वाक्य छापताना जपून वागावे, अशी माझी विनंती आहे. ज्या घरांना सहानुभूती मिळावी म्हणून ते लिहिले जाते, त्याच घरांवर त्याचा शिक्का बसतो.

आता एका घराची हकिकत थोडी जवळून सांगते. हॅरी फार हा ब्रिटिश सैन्यातील साधा शिपाई. पहिल्या महायुद्धात आघाडीवर तोफांच्या भडिमारात राहिल्यावर १९१५ मध्ये त्याला पाच महिने रुग्णालयात काढावे लागले. हात इतके थरथरत की पत्नीला लिहायची पत्रे परिचारिका लिहून देत, आणि घरी अनोळखी अक्षरातले पत्र येई. बरा झाला असे समजून त्याला परत पाठवले. सप्टेंबर १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या लढाईत तो पुढच्या खंदकात जाऊ शकला नाही. त्याच्यावर भ्याडपणाचा आरोप ठेवून खटला चालवण्यात आला. त्याची बाजू मांडायला कोणी नव्हते. ऑक्टोबर १९१६ मधल्या एका पहाटे त्याच्याच बाजूच्या सैनिकांकरवी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तो २५ वर्षांचा होता. त्याच्या पत्नीची, गर्ट्रूडची, पेन्शन बंद झाली, घर सुटले आणि लहान मुलीला घेऊन तिला परक्या घरी मोलकरीण म्हणून राहावे लागले. हॅरीच्या वडिलांनी पुन्हा मुलाचे नाव घेतले नाही. मुलगी आपले वडील लढाईत पडले असे समजून वाढली आणि तिला खरी गोष्ट कळली तेव्हा तिने चाळिशी गाठली होती. गर्ट्रूड १९९३ मध्ये ९९ व्या वर्षी वारली. लष्करी खटल्यांची जुनी कागदपत्रे अखेर खुली झाल्यावर मुलगी आणि नात, दोघी वर्षानुवर्षे झगडल्या आणि २००६ मध्ये ब्रिटिश संसदेने हॅरीसह अशा ३०६ सैनिकांना माफी दिली. मुलीने तेव्हा नव्वदी ओलांडली होती.

या हकिकतीत जनुकांचा प्रश्न कोठे येतो? त्या घरातली गरिबी पेन्शनच्या नियमाने आली, लाज निकालाच्या एका शब्दाने आली, आणि मौन त्या लाजेने. सासऱ्याचे तोंड मिटले, सुनेचे मिटले, मुलीचे बालपण एका खोट्या समजुतीवर गेले. आणि हे सगळे ज्या दप्तरात बंद होते ते सरकारने सुमारे ७५ वर्षे कुलूपबंद ठेवले होते. कुटुंबातले मौन हा माणसांचा स्वभावदोष होता असे आपण चटकन म्हणतो. पुष्कळदा ते मौन वरून लादलेले असते, एवढेच मला दाखवायचे आहे.

सोव्हिएत संघाने दुसऱ्या महायुद्धात सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावली. पुरुषांची एक पिढीच्या पिढी नाहीशी झाल्यावर, लोकसंख्या भरून काढण्यासाठी ८ जुलै १९४४ रोजी तेथे कुटुंबविषयक नवा हुकूम निघाला. अविवाहित मातांना त्यात भत्ता मिळाला, परंतु त्यांना मुलाच्या पित्यावर दावा करण्याचा अधिकार राहिला नाही आणि जन्मदाखल्यात पित्याच्या रकान्यात आडवी रेघ ओढली जाऊ लागली. १९६८ मध्ये कायदा बदलेपर्यंत अशा लाखो मुलांनी ती रेघ शाळेत, नोकरीत, लग्नाच्या नोंदणीत सोबत नेली. नॉर्वेमध्ये जर्मन सैनिकांपासून नॉर्वेजियन स्त्रियांना झालेली दहा ते बारा हजार मुले होती. त्यांच्या आयांपैकी अनेकींना युद्ध संपताच स्थानबद्ध करण्यात आले, आणि ज्यांनी जर्मन सैनिकांशी लग्न केले होते त्यांचे नागरिकत्व काढून त्यांना जर्मनीत पाठवण्यात आले. शत्रूला साथ दिलेल्या पुरुषांनाही नागरिकत्व गमवावे लागले नव्हते. त्या मुलांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली, ती २००७ मध्ये मुदत उलटल्याच्या कारणाने ऐकून घेतली गेली नाही. पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी त्या स्त्रियांची सरकारतर्फे माफी मागितली ती २०१८ मध्ये, जेव्हा त्यांच्यापैकी ती ऐकायला जवळपास कोणी उरले नव्हते.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून थेट आहे. तेथे नातलगांच्या कृत्याची शिक्षा बाकीच्यांना भोगावी लागे: भाऊ किंवा काका १९५०-५३ च्या कोरियन युद्धात उत्तरेकडे गेला असेल, तर घरातल्या पुढच्या मुलांना सरकारी नोकरी, सैन्यातली जागा, परदेशप्रवास यांत अडथळे येत. १९८० च्या राज्यघटनेने ही पद्धत बंद केली. तोवर अनेक घरांनी त्या माणसाचे नावच घेणे सोडले होते. त्यानंतर तीन वर्षांनी, ३० जून १९८३ रोजी, तेथील केबीएस या सार्वजनिक वाहिनीने युद्धात ताटातूट झालेल्यांचा शोध घेणारा एक कार्यक्रम सुरू केला. तो थोडाच वेळ चालायचा होता. प्रत्यक्षात तो १३८ दिवसांत मिळून ४५३ तास ४५ मिनिटे चालला. माणसे हातात फलक धरून कॅमेऱ्यासमोर उभी राहत आणि वाहिनीच्या इमारतीच्या भिंती व समोरचे मैदान नाव-गाव लिहिलेल्या कागदांनी झाकून गेले होते. तीस वर्षांनी चेहरे ओळखू येईनात, म्हणून अंगावरचा एखादा व्रण, घरातले लाडाचे नाव, अंगणातले झाड यांवरून खातरजमा होई. ५३,५३६ जणांनी आपली कहाणी सांगितली आणि १०,१८९ कुटुंबे पुन्हा भेटली. यांतील बहुतेक माणसे इतकी वर्षे एकाच देशात, कधी कधी एकाच शहरात राहत होती! त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारी सीमारेषा नव्हती. नोंदी नव्हत्या आणि विचारण्याची सोय नव्हती. उत्तरेकडच्या नातलगांची गोष्ट अर्थातच वेगळी आहे. २००० पासून दोन्ही सरकारांनी काही भेटी घडवल्या, ऑगस्ट २०१८ नंतर त्याही थांबल्या, आणि दक्षिणेत नाव नोंदवलेल्या एक लाख तीस हजारांहून अधिक लोकांपैकी बहुसंख्य आता हयात नाहीत.

बेपत्ता माणसाचे घर हे मृताच्या घरापेक्षा निराळे असते. अमेरिकन संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा घरांतले दुःख पूर्ण होत नाही, कारण त्याला शेवटच नसतो, असे दाखवून दिले. पत्नीला धड कुंकू लावता येत नाही, धड पुसता येत नाही. मुले वाट पाहणाऱ्या आईच्या हाताखाली वाढतात आणि पुढे ती वाट पाहणे त्यांच्याकडे येते. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेले आणि पाकिस्तानच्या ताब्यात असावेत असे मानले गेलेले भारतीय जवान व अधिकारी यांची नावे आपल्या संसदेत वेळोवेळी आली आहेत. पाकिस्तानने ते आपल्याकडे असल्याचे नेहमीच नाकारले. २००७ मध्ये काही नातलगांना तेथील तुरुंग पाहू दिले गेले आणि ते रिकाम्या हाती परतले. तेव्हा तेथे गेलेल्यांत पुढच्या पिढीची माणसेही होती. त्यांना आनुवंशिकतेने काय मिळाले ते मला सांगता येणार नाही, पण फाइल मात्र नक्की मिळाली.

हिंदी सैनिकांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या लेखात राहून गेलेली एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी सैनिक व कामगार समुद्रापार गेले आणि सुमारे ७४ हजार मृत्यू पावले. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे सुमारे १३ हजार सैनिक शरण आले, त्यांत बहुसंख्य हिंदी होते आणि कैदेत त्यांचे अतोनात हाल झाले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धस्मारक आयोगाचे तत्त्व असे होते की, हुद्दा, धर्म, जात न पाहता प्रत्येक मृताची नोंद सारखीच व्हावी. युरोपात ते बऱ्याच अंशी पाळले गेले. तेथील कबरीच्या दगडावर नातलगांना स्वतःच्या शब्दांत ६६ अक्षरांपर्यंतची एक ओळ कोरून घेता येई आणि अनेक आयांनी अक्षरे मोजून मोजून ती ओळ रचली. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या. आयोगानेच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हे मान्य केले की, किमान ४५ हजार मृतांना, ज्यांत हिंदी आणि आफ्रिकी सैनिक मुख्यतः होते, असमान वागणूक मिळाली, आणि किमान १ लाख १६ हजारांची नोंद नावानिशी झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. ब्रिटिश सरकारने त्याबद्दल संसदेत माफी मागितली.

नाव नसण्याचा अर्थ घराच्या बाजूने समजून घ्यावा. पणजोबा लढाईला गेले आणि आले नाहीत, एवढेच घरात ठाऊक असते. कोठे, कधी, कशाने, हे सांगणारा कागद नसतो. असला तरी इंग्रजीत असतो आणि तो वाचणारे कोणी नसते. सैनिकांनी आघाडीवरून लेखनिकाकडून लिहवून घेतलेल्या पत्रांची अवस्था तर विचारू नये. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे सेन्सॉर वाचत असत आणि त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत अनुवाद करून आपल्या अहवालांत जोडत. मूळ पत्रे बहुतांश नाहीशी झाली, उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे एखाद्या घरातल्या माणसाचे शब्द उरले असतील, तर ते परक्या भाषेत, परक्या हाताने, संशयाने निवडलेले. घराण्याची आठवण तिसऱ्या पिढीत तुटते ती अशी, आणि मग आपणच म्हणतो की आपल्याकडे इतिहास जपण्याची वृत्ती नाही.

व्हिएतनामबद्दल थोडक्यात लिहिले तर चालेल असे नाही, पण येथे एकच बाब पुरे. अमेरिकन सैन्याने १९६२ ते १९७१ या काळात जंगले आणि पिके नष्ट करण्यासाठी फवारलेल्या रसायनांत डायॉक्सिन हे विष होते. अमेरिकन सैनिकांच्या ज्या मुलांना स्पायना बिफिडा हे मणक्याचे जन्मजात व्यंग आहे, त्यांना १९९६ च्या कायद्याने मदत मिळू लागली. ज्यांच्या अंगावर ते रसायन पडले त्या व्हिएतनामी कुटुंबांचा दावा अमेरिकन न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. पुढे अमेरिकेने तेथील दूषित जमीन साफ करायला आणि अपंगांच्या मदतीला पैसा दिला, हे नमूद केले पाहिजे. परंतु कायद्याने मान्य केलेला हक्क एका बाजूच्या मुलांना मिळाला आणि दुसऱ्या बाजूच्या मुलांना मिळाला नाही. विष एकच होते. वारसा कोणता, हे पासपोर्टने ठरवले.

माझा आक्षेप केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही, हे आता लक्षात आले असेल. जनुकांतून आलेल्या गोष्टीपुढे माणूस हात टेकतो. नियमातून, दप्तरातून, मौनातून आलेली गोष्ट उशिरा का होईना बदलता येते, आणि ती बदलण्याचे काम बहुधा नातवंडांनी केले आहे. मुलांची पिढी आईबापांच्या दुःखाच्या इतकी जवळ असते की विचारायला तिचा जीव धजत नाही; नातवंडांना तेवढे अंतर मिळते. स्पेनमध्ये १९३६ च्या यादवी युद्धात रस्त्याकडेला पुरलेल्या माणसांबद्दल हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत कोणी बोलू शकत नव्हते आणि नंतरही बराच काळ कोणी बोलले नाही. २००० साली एमिलिओ सिल्वा या पत्रकाराने आपल्या आजोबांचा शोध घेतला आणि प्रियारांझा देल बिएर्झो या गावाजवळ तेरा जणांचे अवशेष शास्त्रीय पद्धतीने बाहेर काढण्यात आले. पुढे डीएनए चाचणीने आजोबांची ओळख पटली. त्यातून देशभर अशी शेकडो उत्खनने झाली आणि २००७ व २०२२ मध्ये कायदे झाले. येथे डीएनएचे काम काय होते ते पाहण्यासारखे आहे: त्याने नातवाला आजोबांचे भय दिले नाही, आजोबांचे नाव परत दिले.

जर्मनीतील बाड आरोल्सन येथे नाझी छळाला बळी पडलेल्या सुमारे पावणेदोन कोटी लोकांविषयीची कागदपत्रे आहेत. हे दप्तर २००७ पर्यंत संशोधकांना बंद होते. आता त्याचा मोठा भाग कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतो. छावणीत दाखल होताना कैद्यांकडून काढून घेतलेली घड्याळे, लग्नाच्या अंगठ्या, पाकिटातले फोटो अशा वस्तूंची लिफाफे भरून तेथे जपणूक झाली आहे आणि २०१६ पासून ती संस्था वारसांना शोधून त्या परत करते. वारस म्हणजे आता बहुतेक नातवंडे किंवा पुतणे-भाचे. आजोबांचा एकही फोटो न पाहिलेल्या नातीला तो प्रथमच अशा लिफाफ्यातून मिळतो.

म्हणून आपल्याला माझी विनंती आहे. १९४५ मध्ये जन्मलेले मूल आता ऐंशीच्या पुढे आहे आणि १९७१ च्या युद्धात तरुण असलेली माणसे सत्तरी ओलांडून गेली आहेत. आपल्या पुरवणीने या विषयावर पुन्हा लिहावे आणि त्यात वाचकांना शोध कसा घ्यावा हे सांगावे. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाची मृतांची यादी इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात जवळपास शंभर वर्षे पडून होती. ती २०२१ पासून संगणकावर पाहता येऊ लागली आहेत आणि त्यात अनेकांना आपल्या पणजोबांचे नाव सापडले आहे. मराठी मुलखातून गेलेल्या सैनिकांसाठी असेच काम का होऊ नये, पलटणींची केंद्रे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि पुराभिलेखागारे यांच्याकडे कोणती रजिस्टरे आहेत आणि ती वारसांना कोणत्या अर्जावर दाखवली जातात, हा प्रश्न आपल्या वृत्तपत्राने संबंधितांना विचारावा. वाचकांच्या घरी जुनी पदके, पगारपुस्तिका, पेन्शनचे कागद असतील. पदकाच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते आणि तेवढ्यावरून शोधाला सुरुवात करता येते. पदक मोडीत काढण्याआधी ती कड भिंगाखाली पाहावी, एवढे जरी आपण चौकटीत ठळक छापले, तरी काही घरांत उपयोग होईल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक